जवळा बाजारातून दाबलेलं बटण

बँकेत मी नेमकं काय करते, हे मायला समजावून सांगता सांगता मी दमले आणि एकदा म्हणून गेले, "तिथं एक बटण हाय. ते दाबायला मला ठेवलंय."

मायला ते फार आवडलं. आमच्या गावात कुणी विचारलं की ती सांगायची, "लेक हिंगोलीला असती. बँकेत बटण दाबती." ऐकणारी बाई मान डोलवायची, कारण मायच्या आवाजात असा काही तोरा असायचा, की त्या बटणावर अख्खा जिल्हा चालतो असं कुणालाही वाटावं. जिल्हा तेव्हा नुकताच नवा झाला होता, त्यामुळे तेही खपून जायचं.

खरं तर ती फारशी चुकत नव्हती. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मी हिंगोलीतल्या एका सहकारी बँकेत लागले, तेव्हा बँकेनं खतावण्या बंद करून सगळा कारभार एका मोठ्या सर्व्हरवर आणला होता. मोंढ्याच्या, म्हणजे धान्य-हळदीच्या बाजाराच्या, बाजूला बँकेची इमारत, आणि तिच्या मागच्या खोलीत हे मशीन. काळंभोर, माझ्या कमरेइतकं उंच. पुढच्या बाजूला ओळीनं डिस्कचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर एक हिरवा दिवा. सकाळी खोलीत शिरलं की आधी मी ते दिवे बघायचे. सगळे हिरवे असले की चहा गोड लागायचा.

एके दिवशी एक दिवा नारिंगी झाला. डिस्क खराब झाली होती. अशा वेळी मशीन बंद न करता ती डिस्क उपसून नवी घालायची असते, हे मी वाचलेलं होतं, केलेलं नव्हतं. आमचे मॅनेजर साहेब दारात येऊन उभे राहिले. साहेब उंच, शिडशिडीत, कायम सफारीत. आयुष्य त्यांनी खतावणीवर काढलेलं. त्यांनी विचारलं, "चालू मशीनमधून काढणार?"

"हो साहेब."

"बाहेर खिडकीपुढं लोक उभे आहेत."

"त्यांना कळणारसुद्धा नाही."

साहेबांनी डोळे मिटले. मी खटका ओढला, डिस्क बाहेर घेतली, नवी सरकवली. दिवा लुकलुकायला लागला, मशीन आपल्या मनानं जुनी माहिती नव्या डिस्कवर लिहू लागलं. बाहेरच्या कारकुनाचा आवाज तसाच चालू होता, "पुढचे या." साहेबांनी एक डोळा उघडला. मला इतकं हसू आलं, की मी मशीनच्या मागं जाऊन वायरी बघितल्यासारखं केलं.

हे काम मला मनापासून आवडायचं. त्या पंख्यांचा आवाज, गरम हवेचा वास, पडद्यावर वर सरकत जाणाऱ्या ओळी. पण त्या बटणानं मला बांधून टाकलं होतं. आमच्याकडं वीज जायची, आणि परत यायची तेव्हा सरळ यायची नाही. यायची, जायची, पुन्हा यायची. दर वेळी मशीन आपोआप उठून बसलं असतं तर डिस्कची वाट लागली असती. म्हणून ते असं लावून ठेवलं होतं, की इन्व्हर्टर संपून मशीन झोपलं तर वीज आल्यावर झोपलेलंच राहील. वीज नीट ठरली की कुणीतरी माहीतगारानं जाऊन बटण दाबायचं, पडदा वाचायचा, सगळं सुरळीत आहे ना बघायचं. माहीतगार म्हणजे मी. रविवारीही सुटका नव्हती, कारण रविवारी आठवड्याचे हिशेब मशीनवर चालायचे. मी स्टेशनजवळ खोली घेऊन राहायचे. खोलीतला बल्ब लागला की चप्पल पायात घालायची.

घर काही लांब नव्हतं. औंढ्यावरून जवळा बाजारला एसटीनं जायचं, तिथून थोडं चाललं की आमचं शेत, आणि शेताच्या कडेला बाबांची मेंढरं. पण सकाळी गेलेली मी दुपारी परत. जेवण गिळलं, मायशी दोन शब्द बोलले, की बस. त्यात कातरणी हुकायला लागली, आणि ते मला फार लागायचं.

कातरणी म्हणजे मेंढरांची लोकर कातरायचा दिवस. आमच्यात हा सणच असतो. आदल्या दिवशी मेंढरं ओढ्यात धुऊन काढायची. दुसऱ्या दिवशी सगळे सोयरे जमतात, आपापल्या कातरी घेऊन. जे आपल्याकडं येतात त्यांच्याकडं आपण जायचं, असा रिवाज. पुरुष ओळीनं बसतात, मेंढरू कुशीवर पाडून पाय बांधतात आणि कातर चालवतात. बायका एकीकडं रस्सा रांधतात, भाकरी थापतात. मी लहानपणी मेंढराचे पाय धरायला बसायचे, आणि पाय धरता धरता कातर कधी हातात आली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा माझा हात इतका साफ बसला होता, की काकानं मला मेंढरू देऊन टाकलं. त्या दिवसाचा मला कोण अभिमान! डिप्लोमाच्या निकालाचासुद्धा तेवढा झाला नाही.

बाबा एकदा औषधं घ्यायला हिंगोलीला आले, तेव्हा मी त्यांना बँकेत नेलं. साहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. मग मी मागची खोली उघडली. बाबा पटका सारखा करत आत आले आणि मशीनपुढं उभे राहिले. पंखे घुमत होते.

"हे दिवसभर असंच घुमून राहतं व्हय?"

"दिवसरात."

"बसत न्हाई कधी?"

"बसू द्यायचं नसतं, बाबा. बसलं की मी पळत येते."

बाबांनी हात पुढं करून मशीनमागची गरम हवा तळव्यावर घेतली. त्यांना ती बरी वाटली असावी, कारण त्यांनी दुसराही हात पुढं केला. मग म्हणाले, "औंदा कातरणीला ये माय. तुझी माय लई आठवण काढून राहिली. येतीस का?"

"बघते," मी म्हणाले. त्यांना माहीत होतं आणि मलाही, की 'बघते' म्हणजे नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कंपनीचा इंजिनिअर नांदेडहून वार्षिक तपासणीला आला. शांत, लाजरा माणूस, मशीनशीच जास्त बोलायचा. तो मागच्या बाजूच्या वायरी तपासत होता आणि मी टॉर्च धरून उभी होते. नेटवर्कच्या वायरीखाली एक लहानसं भोक होतं, त्याला रबरी टोपण लावलेलं. मी ते टोपण रोज पुसायचे आणि कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"ते होय," तो म्हणाला, "ते लांबून मशीन सांभाळायचं कार्ड आहे. तुम्ही वापरत नाही?"

"लांबून म्हणजे?"

"म्हणजे मशीनच्या आत एक वेगळं छोटं मशीन. त्याला स्वतःचा मेंदू आहे. मोठं मशीन बंद असलं तरी हे जागं असतं. ह्याला फोनची लाइन आणि मोडेम जोडला, की दुसऱ्या गावाहून फोन लावायचा, पासवर्ड टाकायचा. मग इथल्या पडद्यावर जे दिसतं ते तिकडं दिसतं. बटणसुद्धा दाबता येतं."

माझ्या हातातली टॉर्च खाली आली. "कोणतं बटण?"

"चालू-बंदचं. दुसरं कोणतं?"

"मोठं मशीन पूर्ण बंद असताना?"

"वायरीत वीज असली की झालं."

तो पुन्हा वायरींत शिरला. मी मात्र तिथंच उभी राहिले. इतके दिवस मी ज्या बटणापायी पळत होते, त्याची किल्ली त्या रबरी टोपणाखाली होती आणि मी ती रोज फडक्यानं पुसत होते! रागावावं की नाचावं, कळेना. शेवटी मी इंजिनिअरला मोंढ्यातल्या हॉटेलात नेऊन भजी खाऊ घातली, आणि तो नको नको म्हणत असताना दुसरी प्लेटही मागवली. भजी खाता खाता त्यानं मला सगळं समजावलं. त्या कार्डाची पुस्तिका बॅगेतून काढून दिली.

आता साहेबांची परवानगी हवी होती. मशीनसाठी वेगळी फोन लाइन घ्यायची, हे ऐकून साहेब विचारात पडले.

"म्हणजे कुणीही फोन करून आपली बँक बंद करू शकेल?"

"कुणीही नाही साहेब. पासवर्ड आहे. आणि नंबर आपण कुणाला सांगायचाच नाही."

"आणि तुम्ही घरी बसून मशीन चालू करणार."

"हो."

"हात न लावता."

"हो साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण मला ते डोळ्यांनी बघायचं आहे."

लाइन आली, मोडेम बसला, आणि एका सुट्टीच्या दिवशी आम्ही परीक्षा घ्यायचं ठरवलं. मी मशीन रीतसर बंद केलं. साहेब खोलीत थांबले. मी एसटी डेपोजवळच्या इंटरनेटच्या दुकानात गेले, तिथल्या कॉम्प्युटरवरून बँकेचा तो गुप्त नंबर लावला. मोडेमनं किंचाळून घेतलं, खरखरलं, आणि मग पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं, जणू पलीकडून कुणी नवशिका टाइप करतोय. पासवर्ड विचारला, मी दिला. 'वीज: बंद' अशा अर्थाची ओळ आली. मी 'चालू'ची आज्ञा लिहिली आणि कळ दाबली.

आणि मग आमच्या खोलीतल्या मशीनच्या पडद्यावरच्या ओळी डेपोजवळच्या त्या दुकानात उतरायला लागल्या. मेमरी मोजली. डिस्क सापडल्या. पंखे ठीक. मी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली, दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. शेवटची ओळ आली तशी मी लाइन सोडली आणि पळत बँकेत आले.

साहेब बाहेरच्या पायरीवरच उभे होते, दोन्ही हात पाठीमागं धरून.

"चालू झालं!" ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत! मी हात असे मागं बांधून उभा होतो मॅडम, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. खोलीत मी एकटा, आणि एकदम पंखे सुरू! अंगावर काटा आला."

"मग आता पटलं?"

"पटलं. पण परत एकदा करून दाखवता का? या वेळी मी तुमच्या बरोबर दुकानात येतो."

"मग मशीनपाशी कोण बघणार, चालू झालं का ते?"

साहेब मोठ्यानं हसले. त्यांना मी तोवर हसताना पाहिलंच नव्हतं.

त्या वर्षी मी कातरणीची रजा टाकली. निघायच्या आधी जवळा बाजारात एक सोय करून आले. तिथं बाजारगल्लीत एका चाचांचं एसटीडीचं दुकान होतं. त्यांनी गावात पहिला कॉम्प्युटर मोडेमसकट आणला होता आणि त्यावर ते पोरांना टायपिंग शिकवायचे. दुकानात दोन फोन लाइनी, हे महत्त्वाचं. एकीवर मशीनशी बोलायचं, दुसरीवर माणसाशी. त्यांचा नंबर मी साहेबांना दिला आणि सांगितलं, "वीज गेली, मशीन बंद पडलं, तर तुम्ही कशालाही हात लावू नका. फक्त ह्या नंबरावर कळवा."

कातरणीच्या दिवशी सकाळपासून शेतात माणसं भरली होती. काका, मामा, आत्याचे यजमान, सगळे आपापली कातर दगडावर घासत बसलेले. काळ्या लोकरीचा ढीग वाढत होता. मायनं मला भाकरी थापायला बोलावलं, पण काकानं हाक मारली, "ए बटणवाली! कातर याद हाय का विसरली?" मी पदर खोचून बसले. पहिल्या मेंढीला माझा हात जरा अडखळला, मेंढीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि सगळे हसले. दुसऱ्या मेंढीपासून हाताला सगळं आठवलं. लोकरीतला तो तेलकटपणा तळहाताला लागला, नाकात तो वास गेला, आणि मला वाटलं, मी इथून कधी गेलेच नव्हते.

दुपारच्या सुमाराला बांधावरून चाचांची मोपेड येताना दिसली. चाचा लांबूनच ओरडले, "बेटी, चलो चलो! तुझ्या साहेबाचा फोन आला. लई घाबरून राहिले बेचारे!"

मायनं कपाळाला हात लावला. बाबांनी हातातली कातर खाली ठेवली. मी होते तशी चाचांच्या मागं बसले, केसांत लोकर, हात काळे, आणि बाबा सायकलवर आमच्या मागं निघाले.

नेमका बाजाराचा दिवस. कांद्याच्या ढिगांतून, बैलांच्या मधून, बांगड्यांच्या हातगाड्या चुकवत चाचांनी मोपेड दुकानापर्यंत आणली. दुकानात फोन लावायला थांबलेल्या माणसांची दाटी. चाचांनी हात पसरून वाट केली, "हटो भाई, बँकेच्या मॅडम आल्या!" बँकेच्या मॅडमकडं बघून लोक चकितच झाले.

मी आधी साहेबांना फोन लावला. त्यांनी केबिनमधला फोन लांब वायर ओढत मागच्या खोलीत आणून ठेवला होता.

"मॅडम, लाइट गेली, इन्व्हर्टर संपलं, मशीन बसलं. आता लाइट येऊन बराच वेळ झाला. मी कशालाही हात लावलेला नाही! बाहेर लोक थांबलेत, पण मी हात लावला नाही."

"फार चांगलं केलं साहेब. फोन धरून ठेवा." मी रिसीव्हर खांद्यावर अडकवला आणि दुसऱ्या लाइनवरून मशीनचा नंबर लावला. मोडेम किंचाळला तशी रांगेतली एक म्हातारी दचकली. अक्षरं उमटू लागली. पासवर्ड. आज्ञा. कळ.

"मॅडम, सुरू झालं! पंखे सुरू झाले!"

"थांबा साहेब, अजून नाही."

मेमरी मोजली. डिस्क एकेक करून सापडल्या. आणि मग ओळी थांबल्या. एक पंखा फिरत नाही, असं मशीन म्हणत होतं. तरीही पुढं जायचं असेल तर एफ वन दाबा. मला तिथून एफ वन दाबता आलं असतं. पण दुपारची वेळ, खोली तापलेली, आणि एक पंखा बंद. दाबावंसं वाटेना. मी मशीन परत बंद केलं.

"साहेब, आता तुम्हाला हात लावायचा आहे."

पलीकडून बारीक आवाज, "मी?"

"हो. मशीनच्या बाजूचं झाकण आहे, त्याची मूठ वर उचला. आत पंखे ओळीनं दिसतील. सगळ्यांत मागचा पंखा. त्याला निळी पट्टी आहे. पट्टी दाबून सरळ वर ओढा."

"करंट?"

"पंख्याला काही नाही साहेब. मी कितीदा काढलाय."

खडखड झाली. साहेबांचा श्वास ऐकू येत होता. दुकानातली माणसं पडद्याजवळ सरकली होती. बाबा माझ्या खुर्चीमागं येऊन उभे होते, घामानं चिंब. त्यांनी हळूच विचारलं, "काय करून राहिले साहेब?"

"पंखा काढून राहिले."

"निघन का त्यांच्यानं?"

"निघाला!" फोनमधून साहेब इतक्या जोरात ओरडले, की चाचांनाही ऐकू गेलं. "मॅडम, निघाला! अहो, ह्यात हळद आहे!"

मोंढा जवळ, हंगामात हवेत हळदीची धूळ. ती पंख्यात जाऊन, दोऱ्यात-कचऱ्यात अडकून, तिचा बोळाच झाला होता. मी सांगितलं, बोळा काढा, पाती पुसून घ्या. साहेबांनी खिशातला रुमाल काढला असणार. मग एक जोराची शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी इतकी मोठी आली, की रिसीव्हर खाली पडल्याचा आवाज झाला.

"काय झालं?" बाबांनी घाबरून विचारलं.

"शिंकले," मी म्हणाले, आणि अख्खं दुकान खो खो हसत सुटलं. फोनमधून साहेबही हसत होते. हसता हसता म्हणाले, "मॅडम, माझी सफारी पिवळी झाली. आता कसा जाऊ लोकांसमोर?"

"पंखा परत बसवा साहेब. खट आवाज येईपर्यंत दाबा. झाकण लावा."

खट आवाज मला इथं ऐकू आला. मी पुन्हा आज्ञा दिली. मेमरी. डिस्क. मी ओठ दाबून बघत होते, माझ्यामागं निम्मा बाजार बघत होता, आणि त्यातल्या एकालाही त्या ओळी कळत नव्हत्या. पंखे. सगळे पंखे ठीक. ओळी धडाधड वर सरकायला लागल्या आणि शेवटी ती माझी आवडती ओळ आली, नाव सांगा म्हणणारी. मी आत शिरले, हिशेबाचा कार्यक्रम सुरू केला.

"झालं साहेब. बाहेर सांगा, खिडकी उघडा."

बाबांनी आधी माझ्याकडं बघितलं आणि मग जमलेल्या सगळ्यांकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "झालं. हिंगोलीचं मशीन चालू झालं." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. चाचांनी चहा सांगितला. मागं उभा असलेला एक शेतकरी पुढं आला आणि अगदी मनापासून म्हणाला, "बाई, माझी शेतातली मोटार चालू करता का हिच्यावरून? लाइट आता आली आसन, अन मी बाजारात हाय."

"तिच्यात असं कार्ड न्हाई ना दादा."

"मंग बसवा की. काहून बसवत न्हाई?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पुढं काही वर्षांनी मोबाइलवरून चालू होणाऱ्या मोटारी खरोखर आल्या, तेव्हा मला त्या दादाचा चेहरा आठवला. रांगेतल्या म्हातारीनं मात्र माझा दंड धरला. "झालं ना तुझं? आता ऊठ. मला लेकाला फोन लावायचाय."

शेतात परत आलो तेव्हा कुणीही जेवलेलं नव्हतं. सगळे आमच्यासाठी थांबले होते. बाबांनी पंगतीत बसून सगळी हकीकत सांगितली, साहेबांच्या शिंकेसकट, आणि शिंक स्वतः करून दाखवली. माय हसून हसून वाकली. मग म्हणाली, "म्हंजे आता बटण इथूनच दाबता येतं?"

"येतं."

"मंग तू इथंच ऱ्हा की."

इथंच राहणं काही झालं नाही, पण त्यानंतर रविवार माझे झाले. शनिवारी बँक सुटली की मी एसटीत बसायचे. चाचांनी दुकानात माझ्यासाठी एक खुर्ची वेगळी ठेवली आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.

साहेबांचं तर वेगळंच झालं. एकदा पंखा काढल्यापासून त्यांची भीती मोडली. त्यांनी माझ्याकडून सगळं शिकून घेतलं, घरी कॉम्प्युटर घेतला, आणि त्यांना एक गोष्ट सापडली. त्या कार्डातून मशीनच्या पुढचा एक निळा दिवा लावता येतो. खूप मशिनं असली की नेमकं कोणतं ते ओळखू यावं म्हणून तो दिवा. आमच्याकडं मशीन एकच, ओळखायचा प्रश्नच नव्हता. पण मी एखाद्या सकाळी खोलीत जावं तर निळा दिवा लुकलुकत असायचा. साहेबांच्या घरी पाहुणे आलेले असायचे आणि साहेबांनी त्यांना प्रयोग दाखवलेला असायचा. पाहुण्यांना दिवा दिसत नसे, तरी ते वाहवा करायचे म्हणे.

पुढच्या वर्षी मी रजेचा अर्ज घेऊन गेले तेव्हा साहेबांनी सही करता करता विचारलं, "मॅडम, ही कातरणी म्हणजे नेमकं काय असतं हो?"

"या ना साहेब बघायला," मी बोलून गेले.

आणि साहेब खरंच आले. आपल्या बायकोला, म्हणजे वहिनींना, घेऊन, कोऱ्या सफारीत. बाबांनी बाजेवर घोंगडी अंथरली, साहेबांना बसवलं. साहेब काही वेळ बसले, मग उठून ओळीत जाऊन उकिडवे बसले आणि बाबांना म्हणाले, "मला एक द्या."

"साहेब, तकलीफ कशाला..."

"तुमच्या मुलीनं मला फोनवरून पंखा काढायला लावला होता. तुम्ही तर समोर आहात."

बाबांनी कळपातली सगळ्यांत गरीब मेंढी निवडली. मी पाय धरले. साहेबांनी कातर धरली, बाबांनी त्यांचा हात धरला, आणि लोकरीचा एकेक पट्टा सुटत मेंढीची एक बाजू मोकळी झाली. साहेबांचा चेहरा असा फुलला, की वहिनी लांबून "अहो, बघू!" म्हणत पुढं आल्या. त्यांना दाखवण्यासाठी साहेबांनी लोकर उंच धरली. ती बघायला मीही मान वळवली आणि माझी पकड सुटली. मेंढीनं बांधलेल्या पायांचा दोर झटकला, उठली आणि निघाली. एका अंगानं गुळगुळीत, दुसऱ्या अंगानं झुबकेदार. साहेब कातर टाकून तिच्यामागं, काका साहेबांच्या मागं, आणि बाबा बांधावर उभे राहून ओरडत होते, "डावीकडून, साहेब, डावीकडून!"

मेंढी ओढ्यापर्यंत गेली. साहेब ओढ्यात गेले. बाहेर आले तेव्हा मेंढी त्यांच्या काखेत होती आणि गुडघ्यापर्यंत चिखल. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, माय तर भाकरी तव्यावर सोडून आली होती. साहेबांनी मेंढी बाबांच्या हवाली केली, धापा टाकत खाली बसले आणि म्हणाले, "हिची दुसरी बाजू पण मीच करणार."

आणि त्यांनी ती केली. संध्याकाळ झाली, पण केली.